सोनकांबळे व्ही. जी. यांच्या श्वासाबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
दूरस्थ श्वसन पुनर्वसन कक्ष,
लातूर.

विषय : मोबाईलवरील व्यायामाच्या तुकडीत भलतीच व्यक्ती बरी झाल्याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचा मोबाईल संदेश, दि. २/९/२०२४.

अर्जदार : व्यंकटी गणपत सोनकांबळे, वय ५१, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी, ता. जळकोट.

महोदय,

१. अर्जदारास मे २०२१ मध्ये कोविड झाला. रोग गेला, धाप राहिली. दहा पावले चालले की खाली बसावे लागते; बोलता बोलता विषय विसरतो. सुरुवातीला याचे वाईट वाटे. आता वाटत नाही. सदर अर्ज चार दिवस थोडा थोडा लिहिला आहे.

२. आपल्या आठ आठवड्यांच्या तुकडीत अर्जदाराचा नंबर लागला. यादीत 'सोनकांबळे व्ही. जी.' एवढेच होते. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून अर्जदाराची पत्नी पार्वतीबाई समोर बसे. आधी आपण शिकावे, मग नवऱ्याकडून करून घ्यावे, असे तिचे सरळ म्हणणे. अर्जदार मागे बाजेवर पडून असे. मोबाईलवरून व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी तिलाच रुग्ण धरले. मागे कोणी आजारी आहे का, असे त्यांनी एकदा विचारले. ती "हाव" म्हणाली आणि पुढचा व्यायाम सुरू झाला.

३. खुर्चीवरून उठबस करण्याच्या चाचणीत पहिल्या दिवशी तिच्या मिनिटाला नऊ झाल्या, शेवटच्या दिवशी सोळा. अर्जदाराच्या तीन होतात. त्यावर संदर्भीय संदेश आला, की अभिनंदन, आपण बरे झालात. आपला क्रमांक बंद करण्यात येत आहे.

४. अर्ज लिहायला घेतला त्या दिवशी पुढील बाब लिहायची नव्हती. मॅडम दर वेळी विचारीत, कसं वाटतंय? पार्वतीबाईचे उत्तर बाजेवर ऐकू येई : "हातातलं भांडं सुटायलंय मॅडम. हांडा उचलला की डोळ्यापुढं अंधारी. रडू बी येईना झालंय." ती अर्जदाराचेच दुखणे सांगते आहे, असे अर्जदार आठ आठवडे समजत होता. परंतु अर्जदाराने तीन वर्षांत हंडा उचललेला नाही. ही गोष्ट काल ध्यानात आली. लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काही वाटले.

५. त्याच मे महिन्यात तिलाही ताप होता. तो अंगावर काढून ती अर्जदाराला पेज भरवीत होती. व्यायाम बंद झाल्यापासून ती पुन्हा हंडा उतरवून भिंतीला टेकते. आपल्या नियमाने एका मोबाईलवर एकच रुग्ण, आणि घरात मोबाईल एकच. सबब अर्जदाराने स्वतःसाठी लिहिलेली विनंती खोडली आहे. पुढील तुकडीत याच क्रमांकावर 'पार्वतीबाई व्यंकटी सोनकांबळे, वय ४६' असे पूर्ण नाव घ्यावे. अर्जदार मागे बसून जमेल तेवढे करील.

आपल्या यादीतला नम्र,
व्यंकटी गणपत सोनकांबळे
दि. १२/९/२०२४

सोबत :
१. संदर्भीय संदेशाची प्रत.
२. अर्जदाराचा कोविड तपासणी अहवाल, मे २०२१.
३. पार्वतीबाईचा अहवाल जोडता येत नाही. तपासणीच्या रांगेत ती अर्जदाराला धरून उभी होती. अर्जदाराचा नमुना घेतला आणि खिडकी बंद झाली.