पाहुण्यासाठी ठेवलेली बाटली

सूनबाई,
कुणाचा विश्वास बसणार नाही, पण काल तुम्ही बाहेरगावी होतात आणि माझ्या वाढदिवसाला आमच्या जुन्या छापखान्यातला फोरमन खरंच आला! तू आमच्यासाठी आणलेली स्ट्राँग बिअर दोघांनी मिळून संपवली. बूच असं उडालं की समोरच्या गच्चीवरचा कावळा आडवा झाला. एकट्याने बसलो तर फक्त माइल्ड, हा तुझा नियम काही मोडलेला नाही. रिकामी बाटली फोरमन आठवण म्हणून घेऊन गेला. मी फिरायला निघालोय. ओरडायचं ते आल्यावर ओरड.
– बाबा

(खाली, सुनेच्या अक्षरात)
बाबा, तांदूळ काढताना डब्यात तीच बाटली सापडली. संध्याकाळी दोन ग्लास काढून ठेवा, मी बसते तुमच्याबरोबर. बूच अजून उडायचंय.