तीस पौंडांची वाफ आणि चढावरची धून

क्लफसाइड,
व्हिट शुक्रवारनंतरचा सोमवार

तीर्थरूप रेमंडदादास,

धाकट्या नेव्हिलचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण खाली गेलेला गुडघा वर यायला हल्ली फार वेळ लावतो, तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घे. इकडे मी आणि बेरिल खुशाल. तिकडे ब्रिडलिंग्टनच्या खाऱ्या वाऱ्यात तू आणि मॅव्हिसवहिनीही खुशाल असाल. तुझी कंबर काय म्हणते? वहिनींचे टोमॅटो यंदा तरी लाल झाले, की गेल्या वर्षीसारखी हिरव्याचीच चटणी घातली (तिची एक बरणी अजून आमच्या फडताळात आहे, उघडायचा धीर होत नाही)? आणि बंदरावर तुझ्या हातातला तळलेला मासा पळवणारा तो समुद्रपक्षी अजून तुला ओळखतो का? त्यालाही माझा नमस्कार सांग, कारण आपल्या घराण्यात तुला गप्प बसवणारा तो एकटाच निघाला.

पत्रास कारण की, मी सिगारेट सोडली आहे. हसून घे. बेरिलही हसली होती, आणि ती नेमकी हातात इस्त्री असताना हसली, त्यामुळे माझ्या बँडच्या सदऱ्यावर तपकिरी त्रिकोण उमटला आहे. पण या खेपेला खुर्ची पणाला लागली होती. आपली खुर्ची. तू बँड सोडताना माझ्या हवाली केलेली, युफोनियमची पहिली खुर्ची (वहिनी त्या वाद्याला अजून पितळी हंडाच म्हणतात ना?). झालं असं, की हिवाळ्यात तालमीला आपली नेहमीची मार्चची धून चालली होती. तिच्या मधल्या भागातली ती लांबलचक ओळ तुला आठवत असेल. तू ती चढावर चालताना एका दमात वाजवायचास आणि माथ्यावर पोचल्यावर टोपी काढून बायकांना सलाम ठोकायचास. ती ओळ मी सपाट जमिनीवर, खुर्चीत बसून, दोनदा तोडली. तिसऱ्यांदा खोकला आला आणि तो वाद्यातूनच बाहेर पडला. ट्रॉम्बोनवाल्यांना वाटलं हा धुनेचाच भाग, त्यांनी इमानदारीने साथ दिली. फिलिपाबाईंनी छडी खाली ठेवली. (फिलिपा म्हणजे आपल्या ढोलवाल्या ओल्ड्रॉइडची धाकटी. एवढीशी होती, ती आता बँडमास्तर आहे, आणि तिने एक भुवई वर केली की सगळा बँड पाणी पाणी होतो.) ती म्हणाली, "नेव्हिलकाका, व्हिट शुक्रवारच्या बँडस्पर्धेत चढावर ही ओळ मला अखंड हवी. नाहीतर खुर्ची डेस्मंडला." डेस्मंडला! जो फुंकायच्या आधी चष्मा पुसतो, फुंकल्यावर पुन्हा पुसतो, आणि मधल्या वेळात जे काही करतो त्याला वादन म्हणायचं हा निव्वळ भिडेचा भाग आहे. त्याच क्षणी मी ठरवलं, की मेलो तरी बेहत्तर, पण ही खुर्ची आपल्या अ‍ॅक्रॉइडांच्याच बुडाखाली राहणार.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आधी निकोटीनची चिकटपट्टी दिली. ती अंथरुणात माझ्या दंडावरून निघून बेरिलच्या पाठीला चिकटली, आणि दुसऱ्या दिवशी बेरिलने श्वास न घेता घरातले सगळे पडदे धुतले. मग नर्सबाई म्हणाल्या, वाफेची सिगारेट घ्या. निरुपद्रवी नाही, पण धुरापेक्षा पुष्कळ बरी, आणि पुढे तीही सोडायची. बेरिलने नाताळच्या बचतीच्या डब्यातून तीस पौंड काढून टेबलावर ठेवले आणि वर हात ठेवून बजावलं, की यात यंत्रही बसलं पाहिजे आणि त्याचं खाणंपिणंही, पुन्हा डब्याकडे बघायचं नाही. मी म्हटलं, बघणार नाही. (डबा तिने त्याच दिवशी जागेवरून हलवला. एवढा विश्वास आहे आमच्या संसारात.)

आता मूर्खपणाची हकीकत ऐक. मासे तळणाऱ्याच्या शेजारी पूर्वी लोकरीचं दुकान होतं ना, तिथे आता व्हेपचं, म्हणजे या वाफेच्या सिगारेटींचं, दुकान आहे. आत काचेच्या कपाटात शेकडो नळ्या, डब्या आणि खोकी, आणि गल्ल्यावर कार्ल नावाचा एक दाढीवाला, ज्याच्या तोंडातून शब्द कमी आणि ढग जास्त बाहेर पडत होते. त्याने विचारलं, "पहिल्यांदाच का? मग तोंडात ओढून घेणार, की थेट छातीत?" दादा, मी चिडलो. उभ्या आयुष्यात मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. पोरवयात बँडमध्ये आपल्या दोघांना उताणं झोपवून, पोटावर प्रार्थनेची जाड पुस्तकं ठेवून, तळापासून श्वास घ्यायला शिकवलं ते काय तोंडात ओढायला? मी म्हटलं, "छातीत. आणि तिच्याही खाली." मग त्याने एकेक नग पुढे केला आणि मी दरेक नग असा पारखला, जसा आपण वाद्याचा मुखभाग पारखतो. हवा अडते का? अडली, नापास. छोट्या, स्वस्त, साध्या नळ्या सगळ्या नापास झाल्या, कारण त्यांतून ओढताना चिंचोळ्या स्ट्रॉने घट्ट दूध प्यायल्यासारखं वाटत होतं. शेवटी सवलतीच्या फळीवरचा एक काळा खोका हातात आला. विटेएवढा जड, तोंडाशी रुंद, आणि ओढला की हवा सरळ आत. मोठी नळी, मोकळा सूर! पितळी वाद्यं फुंकणारा कुठलाही शहाणा माणूस तोच उचलेल. तीस पौंडांत खोका आला आणि वर रबार्ब-कस्टर्डच्या गोड स्वादाच्या लिक्विडची एक बाटली फुकट मिळाली. मी विजयी मुद्रेने घरी आलो.

बाटली दुसऱ्या दिवशी संपली. तो खोका लिक्विड पीत नव्हता, ढोसत होता. त्याच्या पोटात कॉइल म्हणून एक तारेचं वेटोळं असतं, ते आठवड्यात जळालं आणि तोंडाला करपलेल्या रबराची चव आली. नवं वेटोळं, नवी बाटली, पुन्हा वेटोळं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! डब्याकडे बघायचं नाही म्हणून मी दुपारचा केक सोडला, शनिवारची बिअर निम्मी केली, आणि एकदा तर चर्चच्या जत्रेत जुने बूट विकले (बेरिल ते अजून शोधते आहे, तिला कळू देऊ नकोस). वाफ इतकी निघे, की बसच्या थांब्यावर मी उभा असलो तर चालक बस थांबवून बॉनेट उघडून बघायचा. पण एक सांगतो, सिगारेटला मी ईस्टरपासून शिवलो नाही. तल्लफ आली की मी दात आवळायचो, डेस्मंडचा चष्मा डोळ्यांसमोर आणायचो, आणि खोका ओढायचो.

असा तो व्हिट शुक्रवार उजाडला. सगळ्या बँडच्या बसगाड्या गावोगाव फिरत होत्या, रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून लोक पाय (म्हणजे कणकेत मांस भरून भाजलेले, तुला माहीतच आहेत) खात बसले होते, आणि पहिल्याच गावात चढाच्या माथ्यावर परीक्षकाचा कॅरॅव्हॅन, पडदे गच्च बंद. आतल्याने फक्त ऐकायचं, कोण वाजवतंय ते त्याला कळता कामा नये. मला धडकी भरली होती. रांग लागता लागता मी खोक्याचे तीन लांब दम घेतले, तळापासून, आणि नेमका तिसरा दम आत असताना ढोलाचे सुरुवातीचे दोन ठोके पडले. सोडायला वेळच नव्हता. मी तो सगळा वाद्यात सोडला. दादा, युफोनियमच्या तोंडातून असा ढग वर गेला, की पुढचे कॉर्नेटवाले त्यात दिसेनासे झाले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, पेटलं! म्हाताऱ्याचं वाजंत्र पेटलं!" आणि पबच्या दारातल्या एका परोपकारी गृहस्थाने हातातला बिअरचा भरलेला ग्लास नेम धरून आत ओतला. मी वाजवत राहिलो. लांब ओळ आली तेव्हा छातीत वाफ, वाद्यात बिअर आणि हवेला जागा कुठेच नाही; ओळ अर्ध्यात तुटली. डेस्मंडने चालता चालता चष्मा पुसला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. कॅरॅव्हॅनपुढे आम्ही गोलात उभे राहिलो तेव्हा रबार्ब-कस्टर्डचा घमघमाट पडद्यातून आत शिरला, आणि दुपारपासून कोंडलेल्या परीक्षकाचा आवाज बाहेर आला, "कस्टर्ड कुणी केलंय? वाटीभर मिळेल का?" झालं! आपले जुने वैरी, स्कारबॉटम बँडचे सेक्रेटरी सग्डन, हात वर करून धावत आले, की परीक्षकाला बँड वासावरून ओळखू आला, कारण ईस्टरपासून अख्ख्या खोऱ्यात हा वास एकट्या नेव्हिल अ‍ॅक्रॉइडच्या अंगाला येतो, तेव्हा क्लफसाइडला बाद करा. चर्चच्या सभागृहात पंच बसले. मला वाटलं, माझी खुर्ची तर गेलीच, आता सगळ्या बँडची जाते. पण बेरिल उठली. (तिला तिथे कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला कुठेच कुणी बोलवावं लागत नाही.) ती म्हणाली, "सग्डनभाऊ, तुमच्या बँडने आत्ता बसमध्ये व्हिनेगरमधली अंडी खाल्ली आहेत. डोळे मिटून सांगते, तुम्ही दाराशी उभे आहात." पंचांनी एक मोठा श्वास घेतला आणि तक्रार फेटाळली.

फिलिपाबाईंनी मात्र माझ्यापुढे नुसता हात पसरला. मी खोका दिला. तो तिने ढोलाच्या पेटीत बंद केला आणि म्हणाली, "शेवटचं गाव उरलंय, काका." मधल्या गावांत मी तल्लफेने नुसता तडफडत होतो. बसमध्ये सगळे गात होते आणि मी खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसलो होतो. रडू येईल की काय असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. शेवटच्या गावचा चढ सगळ्यांत उभा. ठोके पडले, पावलं उचलली, आणि लांब ओळ आली तसा मी पोटावरच्या त्या पुस्तकांसकट श्वास घेतला. छाती रिकामी होती रे, स्वच्छ रिकामी. ओळ सुरू झाली आणि तुटेना. ती संपली तरी माझ्यापाशी श्वास शिल्लक होता, आणि तो कुठे खर्च करावा हे मला कळेना. फिलिपाबाई बसमध्ये एवढंच म्हणाली, "मंगळवारी तालमीला वेळेवर या." म्हणाली ती मला, पण समजलं डेस्मंडला; त्याने चष्मा खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कार्लकडे जाऊन मी पहिल्यांदा नापास केलेली, सगळ्यांत साधी छोटी पॉडची (म्हणजे लिक्विडची इवलीशी डबी बसवायची) नळी घेतली, वर नोटेतून चिल्लरही परत मिळाली. आता अनुभवाचे बोल ऐक. सिगारेट ओढणाऱ्याला हवा अडणारीच नळी हवी, कारण सिगारेटही तशीच तोंडात ओढून मग आत घेतात. पॉड पुन्हा भरता येणारी घे, वापरून फेकायच्या तर सरकारने बंदच केल्या. यंत्राची किंमत बघू नकोस, त्याची भूक बघ. निकोटीन सुरुवातीला पुरेसं घे, कंजुषी केलीस तर दिवसभर ओढत बसशील, आणि मग नर्सबाई सांगतील तसं कमी करत जा. माझी बाटली आता चांगली पुरते, ढग निघत नाहीत, आणि बसचालक बॉनेट उघडत नाही. बेरिलने एकदा गंमत म्हणून मागितली, ती मी दिली नाही. ज्याने कधी ओढली नाही त्याने हे हातात धरायचं नाही.

वहिनींना नमस्कार. बेरिल चटणीबद्दल आभार मानते.

तुझा धाकटा,
नेव्हिल

ता. क. निकाल लिहायचा राहिला. आम्ही शेवटून दुसरे आलो. स्कारबॉटम शेवटचे.

ता. क. आणखी एक. खोका विकत घेणारं कुणी तिकडे असेल तर कळव. नसेल तर बेरिल तो दारात अडसर म्हणून लावणार आहे, त्या कामाला तो उत्तम आहे.

ता. क. तिसरा, आणि हाच पहिला समज. वरची चार पानं नुसती बढाई वाटली असतील, पण तुझ्यासाठी नळी मी ठेचा खाऊन निवडली आहे हे तुला पटावं, म्हणून एवढा खटाटोप वाचायला लावला. वहिनींचा फोन आला होता. तू जिना चढताना दोनदा थांबतोस, आणि विचारलं तर हातातली सिगारेट लपवत सर्दी झालीय म्हणतोस. सर्दी होऊन किती वर्षं झाली, दादा? मी नळ्या दोन घेतल्या होत्या. दुसरी या पार्सलात आहे, चार्ज करून, पॉड भरून. स्वाद पुदिन्याचा आहे, घाबरू नकोस. आधी दवाखान्यात जाऊन छाती दाखव, मग हिला हात लाव. नाही म्हणायचं असेल तर पत्राने नको, इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.

खुर्ची मी राखली आहे. पुढच्या व्हिट शुक्रवारी आम्ही वाजवत वर जाऊ, तू आमच्या मागून चढ चढ. वाटेत थांबलास तरी चालेल. पेटवायला मात्र थांबू नकोस.