गोळी चालू ठेवा

१२ जून १९७२, पारनेर
आज मुलींच्या शाळेचा कार्यभार घेतला. एक्कावन्नाव्या वर्षी का होईना, मुख्याध्यापिका झाले. भाड्याची खोली छान आहे, वारा मुबलक. स्वयंपाकाला राहीबाई मिळाली. बोलकी आहे, भाकरी फार चांगली करते. मी एकटी कशी राहणार याची घरमालकांना काळजी. मला मात्र त्याचाच आनंद आहे.

२० जून
पाळी जाऊन बरेच दिवस झाले, पण अंगातून निघणाऱ्या वाफा थांबत नाहीत. आज प्रार्थनेला सगळ्या मुलींसमोर घामानं पोलकं भिजलं. दुपारी नगरला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हार्मोनच्या नव्या गोळ्या दिल्या. पुण्या-मुंबईच्या बायका सर्रास घेतात म्हणाले.

९ जुलै
वाफा बंद. गाढ झोप लागते. आज गणित शिकवता शिकवता मीच गुणगुणत होते. मुली एकमेकींकडे बघून हसल्या.

२ ऑगस्ट
छाती ठणकते, डोकं जड असतं. आणि आज कपड्यावर रक्त दिसलं. राहीबाई हसून म्हणाली, "बाई, तुमी तर परत तरन्या झाल्या." मला हसू आलं नाही. पाऊस नाही, विहिरीचा तळ दिसतोय. कापडाच्या घड्या धुवायला पाणी आणायचं कुठून? सुटले म्हणत होते, ते पुन्हा मागे लागलं.

७ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, गोळी चालू ठेवा. हे किती दिवस चालणार, असं विचारलं, तर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

२६ ऑगस्ट
रक्त अजून जातंच आहे. आता डावी पोटरी दुखते, पाय सुजून चप्पल चढत नाही. पुन्हा एसटी, पुन्हा नगर. डॉक्टरांनी पाय पाहिलासुद्धा नाही. या वयात बायका फार मनाला लावून घेतात म्हणे. मी पाय दाखवायला गेले होते, मन नाही. परतताना गाडीत रागानं रडू आलं.

२८ ऑगस्ट
गोळ्या फेकून दिल्या. त्या सुरू केल्यापासूनच हे सगळं मागे लागलंय. पोटरी लाल, तापलेली. दाबलं की आत काहीतरी घट्ट लागतं, दोरीच्या गाठीसारखं. भीती वाटते.

२९ ऑगस्ट, सकाळ
राहीबाई कोमट तेलानं चोळते आहे. कळ मस्तकात जाते. थांब म्हटलं तरी ऐकत नाही.

दुपार
ठणका एकदम थांबला. चाचपून पाहिलं. घट्ट लागायचं ते जागेवर नाही. "गाठ जिरली, बाई. आता कायबी न्हाई," असं म्हणून राहीबाई पाण्याला गेली.

जिरली नाही, सुटून वर सरकली — नाहीतर छातीत हे काय —

श्वास पुरत नाही. डावीकडे सुरी फिरवल्यासारखं — दारापर्यंत जावं तर —

हाक मारली. आवाजच —

मी सांगत होते डॉक्टरांना, माझ्या पायात —