चार हत्यारांची एक रायफल

३ फेब्रुवारी

चाळीस सेकंद! समितीसमोर, घड्याळ लावून. लांब नळी काढली, आखूड बसवली, दस्ता बदलला — लांब पल्ल्याची रायफल होती तिची कार्बाइन झाली. मग परत होती तशी. मग दुर्बीण लावली, नेमबाजाची झाली; दोन पायांवर उभी केली, मशीनगन झाली. एका सांगाड्यातून चार हत्यारं. अध्यक्षांनी चष्मा काढला. ते चष्मा फक्त जेवायला बसताना काढतात.

अकरा वर्षं या एका गोष्टीपायी घालवली. निवृत्तीला अडीच वर्षं उरलीत. तेवढ्यात ही सैन्याच्या हातात गेलेली बघायची, बाकी काही मागणं नाही. (बढती दिलीच तर नाही म्हणणार नाही.)

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आपल्या मिक्सरसारखं. चार भांडी होती, आता एकच बसतं." तिला यंत्रातलं काही कळत नाही.

९ फेब्रुवारी

समितीच्या सूचना आल्या. माझ्या रायफलीचे सुटे तुकडे सात होते, ते आता तेवीस. एकाला टॉर्च हवी. दुसऱ्याला टॉर्च काढली की ठेवायला डबी हवी. तिसरे गप्प बसले होते म्हणून बरं वाटत होतं, तर त्यांना डबी अडकवायला पट्टा हवा. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "वजन मात्र वाढता कामा नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

२ मार्च

म्हातारे फिटर आज बोलले. तीस वर्षं आमच्याकडे हत्यारं जोडताहेत, पण तोंड उघडतात महिन्यातून एकदा. म्हणाले, "साहेब, नळीचा सांधा तापला की हलतो. चारशे फैरी झाल्या की बघा हात लावून."

बघितलं. हलतो. अगदी केसभर.

केसभर हलला तर काय बिघडतं तेही त्यांनीच सांगितलं — "गॅस मागे येणार. झाडणाऱ्याच्या तोंडावर."

अहवालात लिहिलं, 'हालचाल मर्यादेत.' मर्यादा किती असावी हे ठरवणं माझ्याकडेच आहे. समितीचा गोंधळ एकदा निवळला की सांधा दुरुस्त करू. आत्ता हे बाहेर आलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तेवढी वर्षं माझ्याकडे नाहीत.

३ मार्च

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१८ मे

चाळीस रायफली चाचणीसाठी एका तुकडीकडे गेल्या. तीन महिने त्यांच्याकडे राहतील. मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटतंय. हिला हे सांगितलं नाही, मिक्सरचं काहीतरी काढेल.

२१ ऑगस्ट

निकाल आला! 'सांधा अत्यंत भक्कम. पाच हजार फैरींनंतरही हालचाल शून्य.' शून्य! अध्यक्षांचा फोन, शेजारच्या विभागाचे पेढे, सगळं झालं. माझी छाती दिवसभर फुगलेली.

फिटरना अहवाल दाखवला. त्यांनी सावकाश वाचला, घडी घालून परत दिला. "असं कसं होईल?" एवढंच. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२६ ऑगस्ट

तुकडीला भेट देऊन आलो. शस्त्रागार सांभाळणाऱ्या हवालदाराने चाळीसही रायफली ओळीने मांडून ठेवल्या होत्या, लख्ख पुसून. मी एक उचलली आणि नळी काढायला गेलो. निघेना.

"निघणार नाही साहेब," तो अभिमानाने म्हणाला. "एक तुकडा हरवला की एक चौकशी. प्रत्येकीचे तेवीस तुकडे, अशा चाळीस. माझी नोकरीची चार वर्षं राहिलीत. मी सगळ्या सांध्यांना वेल्डिंग मारून घेतलं. एक तुकडा हरवला नाही."

वरून रंगही दिलाय. काम इतकं सुबक की सांधा कुठे होता ते मलाही शोधावं लागलं. म्हणजे सुट्या होणाऱ्या रायफलीची चाचणी, सुट्या न होणाऱ्या रायफलींवर! कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात चहा आला, म्हणून हात खाली घेतला.

अध्यक्षांना उद्याच सांगायचं.

२७ ऑगस्ट

अध्यक्ष रजेवर.

२८ ऑगस्ट

अध्यक्ष आले. फार खुशीत होते. नाही सांगितलं.

११ नोव्हेंबर

आज फजिती झाली. मोठे पाहुणे प्रात्यक्षिकाला. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की 'चाचणीत सिद्ध झालेली'च रायफल दाखवावी, म्हणून तुकडीकडून एक मागवली होती. मला कळलं ती हातात आल्यावर.

"बदला बघू," पाहुणे म्हणाले. मी ओढलं. अध्यक्षांनी ओढलं. मग दोन जवान, दोन टोकांना. चाळीस सेकंद गेले, वीस मिनिटं गेली. शेवटी पाहुणे म्हणाले, "राहू द्या. तिला आहे तसंच राहायचं दिसतंय." सगळे हसले. मीही हसलो. अध्यक्ष हसले नाहीत.

२ डिसेंबर

प्रकल्प बंद. कारण — 'तुकडे बदलण्यास अवघड.' वेल्डिंगचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांध्याबद्दल अवाक्षर नाही. एक रायफल स्वागतकक्षात भिंतीवर लावलीय. लोक तिला छत्र्या अडकवतात.

वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. आणि आतून सुटल्यासारखंही वाटतंय — आता तो सांधा कुणाच्या तोंडाजवळ जाणार नाही. हे इथेच लिहितोय, दुसरीकडे लिहायची सोय नाही.

६ एप्रिल

सव्वा वर्षाच्या वर या वहीला हात लावला नाही. आज लावावा लागतोय.

नवे संचालक आलेत, माझ्या थोरलीच्या वयाचे. स्वागतकक्षात छत्री अडकवताना त्यांची नजर गेली. "ही काय वस्तू आहे?" फाईल मागवली. तीनशे पानांतलं एक वाक्य वाचलं — हालचाल शून्य. "सर, हे सोनं तुम्ही पुरून ठेवलंत?" मला सर म्हणाले. या इमारतीत मला कुणी सर म्हणत नाही.

तेवीस तुकड्यांचे पुन्हा सात करायचे. म्हणजे मी पहिल्या दिवशी आणले होते तेवढेच, पण आता त्याला नवा विचार म्हणतात. रंग मातकट. दोनशेची पहिली खेप थेट जवानांकडे, कारण चाचणी 'झालेलीच आहे'. आणि प्रत्येक रायफलीवर पितळी पट्टी, तिच्यावर रचनाकार म्हणून माझं नाव!

निवृत्तीला चार महिने. वेल्डिंगचं तोंडाशी आलं होतं, पण गिळलं.

२९ मे

फिटरनी लेखी तक्रार दिली. सांध्याविषयी तक्रार आली की ती सांध्याच्या तज्ज्ञाकडे अभिप्रायाला जाते, असा आमचा नियम. तज्ज्ञ मी. तेव्हा माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याच टेबलावर आली, लाल फितीत बांधून.

चार ओळी, मोठं अक्षर. 'सांधा हलतो. आधीही हलत होता. चाचणीतल्या रायफलींना वेल्डिंग होतं. साहेबांना माहीत आहे.'

हवालदाराने त्यांना सांगितलं असणार. शेरा द्यायला मुदत सात दिवस.

३१ मे

पेन्सिलने लिहिलं, 'तक्रार खरी.' खोडलं.

१ जून

'हालचाल मर्यादेत.' तेही खोडलं. कागद पातळ झालाय.

३ जून

जिन्यात फिटर भेटले. मी म्हटलं, बघतोय, बघतोय.

"साहेब, खोटं लिहिलंत तरी मी समजून घेईन," ते म्हणाले. "पण काहीतरी लिहा."

५ जून

पितळी पट्ट्या आल्या. एक घरी आणली. हिने हातात घेऊन वाचली, छान आहे म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग सगळं सांगितलं, सांध्यापासून वेल्डिंगपर्यंत.

"अहो, मग उद्या गेल्या गेल्या लिहा ना. त्यात विचार कसला करताय?"

एवढ्या वर्षांत इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण हलकंही वाटलं. उद्या लिहिणार. पट्टी कपाटात ठेवली.

६ जून

लिहिलं. शाईने. तक्रार खरी, माझा जुना अहवाल खोटा. सही केली. फाईल घेऊन स्वतः वर गेलो.

कारकुनाने तारीख बघितली. मुदत काल संपली. शेरा आला नाही तर तज्ज्ञाला तक्रार मान्य नाही असं धरतात. खेप सकाळी सातला निघाली.

जोडणी दाखवायला माणूस हवा होता, म्हणून सोबत फिटरना पाठवलंय. पहिल्या पाचशे फैरी तेच झाडणार आहेत.