परीक्षेनंतर उदगीर

९ जानेवारी १९८३, लातूर

नवा जिल्हा, नवी कचेरी, नवं वर्ष. म्हणून ही वही. कायम होण्यासाठी कारकुनांना इंग्रजीची परीक्षा आहे, मार्चात. माझं सगळं पक्कं आहे. फक्त वाक्यात 'हू' आला की तो कोणाबद्दल हे कळत नाही. व्यापाऱ्याचा नोकर, हू उदगीरला राहत होता. राहत कोण होतं, व्यापारी की नोकर? आमचे हेडक्लार्क लिंबाजी म्हणाले, 'हू'पासून त्या माणसापर्यंत तांबड्या पेन्सिलीनं बाण काढत जा. रोज वीस बाण. ठरलं.

उदगीरहून सासऱ्यांचं पत्र. नागम्मा माहेरी बाळंत झाली, मुलगी. दोघी खुशाल. येत्या रविवारी जाऊन येईन.

१७ जानेवारी

जमलं नाही. दुष्काळामुळे गल्लीत टँकर रविवारीच येतो. घागरी कोण भरणार? शिवाय अकरा बाण बाकी होते. नागम्मा समजूतदार आहे.

२१ फेब्रुवारी

मेहुणा शरणप्पा कचेरीत आला. म्हणाला, दाजी, लई दिवस झाले, गल्लीतल्या बाया इचारायल्यात. लेकराचं तोंड बघाया कवा येता, अन् अक्काला न्यायाचं कसं? आमच्यात सासरचं माणूस आल्याशिवाय बाळंतिणीला पाठवत नाहीत. माझे आईवडील नाहीत, म्हणजे ते माणूस मीच. परीक्षेनंतर नक्की, असं सांगितलं. चहा पाजला, बाणांची वही दाखवली. बराच वेळ वहीकडे बघत बसला. छाप पडली असावी.

१४ मार्च, दुपार

पेपर संपला. 'हू' असो की 'विच', सगळ्यांना आपापल्या घरी पोचवून आलो. आजच निघणार होतो. पण निकाल घेऊन गेलं तर सासऱ्यांपुढे मान ताठ राहील.

नागम्माचं पत्र नाही. माझा अभ्यास मोडू नये म्हणून लिहीत नसेल. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

९ मे

पास. कायम. इंग्रजीत एकसष्ट.

लिंबाजींनी विचारलं, लेकरू बघून आलास का? म्हटलं, या रविवारी. ते पुन्हा फाईल वाचायला लागले. निश्चय: पेढे, झबलं, नागम्माला इरकल. आता कोणतीही सबब चालणार नाही.

१६ मे

काल गेलो.

नागम्मानं पाहुण्याला देतात तसं गूळ-पाणी दिलं आणि समोर बसली. म्हणाली, सव्वा महिना झाल्यापासून पाडव्यापर्यंत दर आइतवारी ट्रंक भरून ओट्यावर बसत होते, लातूरची गाडी येऊन जाईपर्यंत. मग ट्रंक भरायची सोडली. आता बालवाडीत काम धरलंय, मी काय येणार न्हाई. आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी म्हटलं, इंग्रजीत एकसष्ट पडले. ती म्हणाली, चांगलं झालं.

मुलगी माझ्याकडे दिल्याबरोबर रडायला लागली. शरणप्पानं घेतलं तशी गप्प झाली. इरकल तिथंच खाटेवर ठेवून निघालो.

गाडीत मला रडू आवरेना. इतके महिने मी वाक्यातली माणसं जुळवत बसलो आणि माझी दोन माणसं तीन तासांवर वाट बघून थकली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, घरचं कोणी गेलं का, बाबा? 'हाव' म्हणालो.

लातूरला उतरल्यावर लक्षात आलं, मुलीचं नाव काय ठेवलं ते विचारायचं राहिलं.