चौदा हजार एकशे पंचवीस

फुकुए बेट,
५ मार्च २०२३

प्रिय मित्सुयो,

तुझ्याकडे अबाशिरीला समुद्रावर अजून बर्फ तरंगत असेल. इथे त्सुबाकीची लाल फुलं गळून अंगणभर पडली आहेत. रोज सकाळी झाडते. गुडघे ठीक आहेत. आई त्याहून ठीक आहे.

देशातली बेटं पुन्हा मोजली, ते वाचलंस ना? ‘आपला देश’ हा धडा शिकवताना मी निवृत्त होईपर्यंत मुलांकडून घोकून घेतलं : चार मोठी बेटं, एकूण सहा हजार आठशे बावन्न. आता म्हणे चौदा हजार एकशे पंचवीस. सात हजार बेटं काही नव्याने वर आलेली नाहीत. होतीच. जुन्या नकाशांवरून मोजली गेली नव्हती, एवढंच.

आईने रेडिओवर ऐकलं आणि शेजारच्या हामासाकीबाईंसमोर म्हणाली, “सरकारनं निदान चूक कबूल केली. आमच्या मास्तरीणबाईंना दोन बहिणी मोजता येत नाहीत. कुणी विचारलं की सांगते, मी एकुलती एक.”

“बाबांच्या अंत्यविधीला जी आली नाही, तिला कशाला मोजू?” मी म्हणाले.

“कळवलं होतंस?”

“पत्र टाकलं होतं.”

“कधी?”

मी उठून भांडी घासायला घेतली.

उत्तर तुला माहीत आहे. सगळं आटोपल्यावर, चौथ्या दिवशी. तुझा फोन नंबर बाबांच्या वहीत होता. ज्यांनी तुला घराबाहेर काढलं, त्यांच्याच अक्षरात. तो पाहिला आणि मी वही मिटली. त्यांचं सगळं केलं मी, आणि जपून ठेवलं तुला, याचा राग आला होता. सबब देत नाही, कारण सांगते. बापाच्या अंत्यविधीलाही आली नाही म्हणून गावाने तुला नावं ठेवली, ती मी तेव्हापासून सव्वीस वर्षं मुकाट ऐकली.

१६ एप्रिलला आईला अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाल्याचा सोहळा आहे. पिवळी टोपी, पिवळं जाकीट, तांबडा भात, सगळं ठरलंय. ती म्हणते, “दोघी असाल तर टोपी घालीन. नाहीतर तूच घालून बस.” ती घालणार नाही, हे तुला सांगायला नको.

आदल्या दिवशी नागासाकीहून दुपारची बोट घे. मी धक्क्यावर असेन. हामासाकीबाईंनाही आणते. त्या पत्राचं खरं काय ते तुझ्यासमोर त्यांना सांगणार आहे. संध्याकाळपर्यंत गावभर होईल.

दोघींतली थोरली,
सेत्सुको