छप्पर बदलण्यापूर्वी काय काय पाहावं

श्री. भाऊ यांस सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. गुडघे पुन्हा धरलेत हे वाचून वाईट वाटलं, जिने टाळा. वहिनींना नमस्कार सांगा. तुमची बहीण आठ दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे माहेरी आली, त्याला काल बावीस दिवस झाले. तिची प्रकृती उत्तमच असणार, कारण चार पानी पत्रात तिच्याविषयी एक अक्षर नाही. (गुडघ्यांवर मात्र पाऊण पान आहे.) छप्पर बदलायचं म्हणताय, आधी काय पाहावं असं विचारलंत. अक्षर तुमचं आहे, प्रश्न तिचा वाटतो. तरी उत्तर देतो.

पहिली गोष्ट, माणूस वर चढतो का ते पाहावं. आमच्याकडे पहिला छपरवाला आला तो फाटकातच उभा राहिला, कपाळावर हात आडवा धरून वर बघितलं आणि म्हणाला, "सगळंच बदलावं लागेल." गळत होतं एका जागी, शिवणयंत्राच्या बरोबर वर, आणि फाटकातून आमचं शिवणयंत्र दिसत नाही. भाऊ, वजनमापं तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. तराजूला हात न लावता वजन सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

दुसरा मात्र चढला. पत्र्यावर गुडघे टेकून एकेक ओळ पाहिली, माळ्यात शिरून वासे टोकरून पाहिले, आणि अर्ध्या तासाने खाली येऊन म्हणाला, "लाकूड ठणठणीत आहे. सहा-सात वॉशर गेलेत, तेवढे बदलतो. छप्पर अजून दहा वर्षं काढेल." आता तुम्हीच सांगा, चालून आलेलं मोठं काम कोण सोडतो? कुठेतरी पाणी मुरत होतं. तुमची बहीण म्हणाली, माणूस सरळ आहे. मी म्हटलं, सरळ माणसाचीच जास्त चौकशी करावी लागते, वाकडा आपला आपण दिसतो. मी त्याला फार काही म्हटलं नाही. छप्पर बदलण्याची गरज का नाही, हे कारणांसह लेखी द्या आणि खाली सही करा, एवढंच. त्याने शिडी खांद्यावर टाकली आणि चालू लागला. (शिडी त्याचीच होती, याची मी खात्री करून घेतली.)

मग शेजाऱ्यांची शिडी आणून मीच चढलो. गंजलेला स्क्रू झिजतो, झिजलेला हलका होतो, आणि हलकं काय ते ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही. शिवणाच्या खोलीवरच्या पत्र्याचे सगळे, म्हणजे बेचाळीस स्क्रू काढले, खाली आणले आणि ओसरीत बसून माझ्या जुन्या तराजूवर एकेक तोलू लागलो. तुमची बहीण सांगत होती, "अहो, एक लावा, मग दुसरा काढा." पण लावलेला स्क्रू तोलता येत नाही, हे तिला कोण समजावणार? एकतिसाव्या स्क्रूला वारा सुटला.

आवाज मोठा झाला. जाऊन पाहतो तर खोलीत लख्ख उजेड आणि वर आभाळ. पत्रा सापडला तो शेजाऱ्यांच्या मिरच्यांच्या वाफ्यात. (हा तुमच्याकडे कसा आला, असं मी त्यांना विचारलं. विचारायला नको होतं. शिडी ते लगेच परत घेऊन गेले.) संध्याकाळी पाऊस आला. यंत्र भिजलं, त्यावर अर्धवट शिवलेला नातीचा झगा भिजला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुमची बहीण काही बोलली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिने झगा पिळला, घडी करून पिशवीत घातला आणि सकाळची गाडी धरली.

तेव्हा भाऊ, वासे पाहा, वॉशर पाहा, हवा पाहा, आणि घरातलं माणूस काय म्हणतंय ते आधी ऐका. सध्या खोलीवर ताडपत्री आहे. कोरड्या कोपऱ्यात मी एकटा बसतो.

तुमचा मेहुणा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. पाकीट दोन्ही बाजूंनी डिंकाने चिकटवलंय, तरी ती वाचणारच. तर मग ऐक. यंत्र पुसून, तेल घालून स्वयंपाकघरात आणून ठेवलंय. चालतं. शिवण वाकडी येते, पण तो दोष यंत्राचा नसावा.

ता. क. २. दुसऱ्या छपरवाल्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागून आलो. तो यायला तयार आहे, अट एकच: "बाई घरात असतील तरच शिडी लावीन. तुमचा भरवसा नाही." मला राग यायला हवा होता. आला नाही.

ता. क. ३. येते म्हणाली, तर कशी काय तयार झाली, हे तिला विचारू नका. मीही विचारणार नाही.